माडीला स्थळ आलं

मोनू गेला, पण त्याची बकरी काही बांडेबुच्यांच्या घरातून गेली नाही. म्हणजे देहानं गेली. मागे राहिले खिडकीच्या चौकटीवरचे दातांचे चरे, टीव्हीच्या केबलचा बुडखा आणि कुंता आत्याचं बिनपदराचं लुगडं. मोनू हा माडीवरचा शेवटचा किरायेदार. येताना तो "एकटाच हाओ जी" म्हणाला होता आणि केवळरामनं त्याच्या तोंडाकडे पाहून, फक्त तोंडाकडे पाहून, त्याच्या हातात किल्ली ठेवली होती. बकरीचं कोणी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही. यात मोनूचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. आपल्या बकरीबद्दल आपणहून कोण सांगत बसतं?

पण अड्याळच्या बाजाररस्त्यावरच्या त्या घरात मोनूच्या बकरीनं राज्यक्रांती केली. केवळराम घरचा कर्ता, धानाची शेती सांभाळून म्हातारा झालेला, त्याच्या शब्दाला किंमत होती. ती बकरीनं खाल्ली. मग सत्ता गेली त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कुंता आत्याकडे. नवरा वारल्यापासून ती इथेच राहते आणि गावातली अर्धी लग्नं आपणच जमवली असं तिचं म्हणणं आहे. उरलेली अर्धी मोडली कोणी, हे ती सांगत नाही.

"मानूस घरात घेनं म्हंजे सोयरीक करनं होय," आत्यानं जाहीर केलं. "पोरगी देताना आपन पाहतो का नाई? घरदार, चालचलन, समदं. मंग माडी देताना कायले नाई पाहाचं? पोरगी त् जाते. माडी त् अठीच राहते."

खरंच होतं ते.

तर असं ठरलं की नव्या किरायेदाराला रविवारी सकाळी बोलवायचं, छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवायचं, पोहे द्यायचे आणि सगळ्यांनी मिळून पाहायचं. हा नवा उमेदवार चंद्रकुमार तितिरमारे, मूळचा आंधळगावचा, गुराढोरांच्या दवाखान्यात नुकताच बदलून आलेला. गुरांचा माणूस म्हटल्याबरोबर आत्याचं अर्धं मन झालंच होतं, कारण तिची म्हैस दुधाला आटली होती. तरी रीत ती रीत. तिनं आंधळगावला आनंदाबाईला फोन लावला. आनंदाबाई ही आत्याच्या जावेची चुलतबहीण.

"तितिरमाऱ्याचा चंद्रकुमार कसा हाये वं?" आत्यानं विचारलं. "दारू पिते का? घरची शेती किती? बोलाचालाले कसा हाये? मागं कोनाच्या पोरीबिरीचं काही?"

"कोनासाठी पाहून राहिल्या, बाई?"

"आमच्या घरासाठी."

आता तुम्हीच सांगा, आनंदाबाईनं यातून काय समजायचं होतं? घरात केवळरामची एकोणतीस वर्षांची लेक डिंपल आहे, तिचं लग्न व्हायचंय, हे आंधळगावला ठाऊक होतं. फोन ठेवून ती तडक चंद्रकुमारच्या मामाकडे गेली.

*

रविवारी सकाळी रूपा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती आणि मनातल्या मनात पेट्या मोजत होती. रूपा या घराची सून, मनिषची बायको. तिच्या पलंगाखाली दोन राजे होते, एक अख्खी फौज होती आणि डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की मनिष झोपेत शिंकायचा. हे सगळं नणंदेचं, डिंपलचं.

डिंपल ड्रेपरी चालवायची. आपल्या झाडीपट्टीच्या मुलखात दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडई आली की नाटक आलं, नाटक आलं की राजा आला, आणि राजाला शेला, मुकुट, तलवार आणि मिशी लागते. डिंपल हे सगळं स्वतः शिवायची, रंगवायची आणि नाटकवाल्यांना, शाळांच्या संमेलनांना किरायानं द्यायची. सानगडीपर्यंत तिचे कपडे जायचे. मात्र घरात त्यांना जागा नव्हती. शेले धानाच्या कोठीत, तलवारी दाराआड, मुकुट देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. मागच्या वर्षी गोठ्यात ठेवलेल्या पेटीत उंदरांनी एका सम्राटाची पाठ पोखरली आणि तो सम्राट अख्खं नाटकभर प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला. लोक म्हणाले, काय रुबाब आहे.

तेव्हापासून डिंपल माडी मागत होती. किरायानं मागत होती, फुकट नाही. या आठवड्यात दोन शाळांचं काम आलं होतं आणि माडी पुन्हा कोणाला गेली की हे सगळं परत गोठ्यात जाणार होतं. पण केवळरामचं एकच उत्तर असायचं: "लगन झाल्यावर तिकडं जे कराचं ते कर."

"वहिनी, माझी मिशी पाहिली का?" डिंपलनं आतल्या खोलीच्या दारातून डोकं काढलं. तोंडात टाचण्या होत्या. "सेनापतीची. कालपासून शोधून राहिली. सोमवारी न्याले येतात."

"नाई बाप्पा," रूपा म्हणाली. "तुम्ही पोहे घेऊन बाहेर जाल ना, ताई?"

"मी? किरायेदारासमोर? वहिनी, मले पाहाले जे जे आले त्या साऱ्यायले मी पोहे देले. लोकं खाऊन गेले अन् मंग फोनवर नाई म्हनले. आता माडी पाहाले येनाऱ्यालेही मीच देऊ का?"

पडदा पडला. रूपानं पोह्यांचा डबा खाली घेतला. शेजारचा जुना बिस्किटांचा डबा हातासरशी उघडला, शेंगदाणे असतील म्हणून, तर आत सेनापतीची मिशी. उंदरांच्या भीतीनं डिंपलनंच कधीतरी ठेवली असणार आणि विसरली असणार. रूपा हाक मारणार होती, तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

*

किरायेदार एकटा येईल असं केवळरामला वाटलं होतं. जीपमधून आधी उतरला एक कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यात भैय्याजी नावाचे मामा, हातात नारळ आणि पेढ्यांचा डबा. त्यांच्यामागून चंद्रकुमार उतरला. त्याचा चेहरा इंजेक्शन द्यायला आणलेल्या बैलासारखा झाला होता.

"नारळ घेऊन आला," केवळराम बायकोच्या कानाशी म्हणाला. "मोनूनं त् साधी अगरबत्ती नाई आनली."

"संस्कार होय ते," गोदावरीबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करून पुढं झाल्या.

छपरीत खुर्च्या मांडल्या होत्या. मधली एकटी खुर्ची उमेदवाराची. चंद्रकुमार तिच्यावर टेकला. आत्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"दारू?"

"नाई जी."

"खर्रा?"

चंद्रकुमारनं मामाकडे पाहिलं. "कधी कधी."

"सोडून देईन," मामा घाईनं म्हणाले. "पोरं एकदाचे मार्गी लागले का सोडतेत."

"थुकते कुठी?" आत्यानं विचारलं. "माडीवरून खाली?"

"नाई जी. कोपऱ्यात."

"कोनाच्या कोपऱ्यात?"

चंद्रकुमारला घाम आला. आता मनिष पुढं सरसावला. मनिष कृषी केंद्र चालवतो, त्यामुळे आपल्याला व्यवहार कळतो असं त्याला वाटतं. "यारदोस्त किती येतेत? वाढदिवसाले गानेबिने?"

"कोनी नाई येत जी. दवाखान्यातून आलो का मी झोपतो."

"साधा पोरगा हाये," मामा म्हणाले. "तोंडात जीभ नाई त्याच्या. जे वाढाल ते खाईन."

"सयपाक येते का?" गोदावरीबाईंनी विचारलं.

मामा दचकले. "त्याले? त्याले कायले?"

"मंग कोन करन?"

"म्हंजे... तुमची पोरगी नाई करत का?"

"आमची पोरगी कायले करन?" गोदावरीबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "ज्याचं त्यानं कराचं. भाजी मी एखांदवेळ देईन वाटीभर, शेजारधर्म म्हनून."

मामांनी मान डोलावली. नव्या विचाराचे लोक दिसतात, त्यांच्या मनात आलं, पण शेती आहे, रस्त्यावर घर आहे, पोराला सयपाक शिकवता येईल. सोयरीक जमवूनच येतो असं आंधळगावला सांगून आले होते ते. रिकाम्या हातानं परत जायला त्यांचं मन घेत नव्हतं.

"आता जरा जिना चढून दाखवा," आत्या म्हणाली.

"जी?"

"जिना. चढा अन् उतरा. पाय कसे टाकता ते आयकू द्या आमच्या भावाले. त्याची झोप हलकी हाये."

चंद्रकुमार चढला. केवळराम डोळे मिटून ऐकत बसला. वरून शिंक आली. बकरीचे केस अजून होते तिथं. मग तो उतरला आणि केवळरामनं डोळे उघडून समाधानानं मान हलवली. मामांनाही ते पटलं. मुलीला चालून दाखव म्हणतात, मग मुलालाही का नाही?

"किती दिवस राहाचा विचार हाये?" मनिषनं विचारलं.

"बदली होईपर्यंत," चंद्रकुमार म्हणाला.

मामांनी त्याला कोपर मारलं. "जिंदगीभर म्हन ना बे!"

"जिंदगीभर?" मनिष खुर्चीतून पुढं झाला. "नाई जी, तसं नाई चालत. अकरा महिन्याचा करार असते. पटलं तर पुढं वाढवू."

मामांच्या मांडीवरचा नारळ घरंगळला.

"आमच्यात," ते सावकाश म्हणाले, "लगन अकरा महिन्याचं नसते."

*

चहा आणायला एक माणूस पुरतो. त्या दिवशी चहा आणायला केवळराम, गोदावरीबाई, मनिष आणि आत्या असे चौघं स्वयंपाकघरात शिरले. पाहुण्यांपुढे पोहे ठेवून रूपा आधीच आत आली होती. तिला ओट्याला चिकटून उभं राहावं लागलं.

"हे काय झालं?" केवळराम म्हणाला. "हे त् डिंपलले पाहाले आले."

"मंग?" गोदावरीबाईंचे डोळे चमकायला लागले होते. "वाईट काय हाये? सरकारी नोकरी हाये. जिनाही चांगला चढला."

"किरायेदार म्हनून चांगला हाये, आई," मनिष म्हणाला. "मी त् त्याले माडी देऊन टाकली होती मनात."

"दोन्ही करा," आत्या म्हणाली.

"दोन्ही कसे करनार? जावयाकडून किराया घेनार का?"

"लगनापर्यंत घेऊ."

"अन् लगनाच्या पयले पोराले पोरीच्या घरी, वर माडीवर ठेवनार?" मनिष कुजबुजला, पण त्याची कुजबूज बाजारापर्यंत जाते. "लोकं काय म्हनतीन?"

"मंग लगनच करू," केवळराम म्हणाला. "माडी दुसऱ्याले देऊ."

"अन् माझी म्हैस?" आत्या म्हणाली. "जावई झाल्यावर त्याले म्हशीखाली बसवता येईन का? मान ठेवा लागते. किरायेदारच बरा."

म्हणजे आता आत्या मनिषच्या बाजूला गेली आणि केवळराम गोदावरीबाईंच्या. रूपानं चहाच्या भांड्यात पाणी घातलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगून टाकतो, कारण नंतर तिनं ते कोणाजवळ कबूल केलं नाही. सेनापतीची मिशी तिनं मामांच्या ताटलीत लिंबाच्या फोडीशेजारी स्वतःच्या हातानं ठेवली होती, कोथिंबिरीखाली. घाईगर्दीत पडली वगैरे ती पुढे जे म्हणाली ते साफ खोटं. जावई आला तर डिंपल जाणार, किरायेदार आला तर फौज पलंगाखालीच राहणार. रूपाला डिंपल घरात पाहिजे होती आणि फौज घराबाहेर. नणंद पोहे घेऊन बाहेर येणार नाही, हे तिला माहीत होतं. पण मिशीसाठी येईल.

"डिंपलताईले विचारलं का कोनी?" तिनं म्हणून पाहिलं.

"तिले काय विचाराचं?" चौघंही म्हणाले. त्या सकाळी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

तेवढ्यात छपरीतून भैय्याजींचा आवाज आला. "अरे बाप रे! चंदू, पोह्यात मिशी हाये बे!"

*

डिंपल आतल्या खोलीत शाळेच्या राजाचा मुकुट बसतो की नाही ते पाहत होती. राजा सातवीतला, डोकं मोठं, म्हणून आतून कापूस लावून स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिला होता. कान मात्र बाहेर होते. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. दारू, खर्रा, जिना, सयपाक. हे सगळे प्रश्न तिच्या ओळखीचे. इतकी वर्षं ती त्यांच्यासमोर मान खाली घालून बसली होती. आज दुसऱ्या कोणाला विचारत होते तर तिला आधी गंमत वाटली. मग मामा बोलले आणि गंमत संपली. चौघं स्वयंपाकघरात तिची वाटणी करायला लागले तेव्हा तिनं सुई दातात धरली आणि ठरवलं, आज बाहेर पडायचंच नाही.

आणि मग मिशीचं नाव ऐकलं.

ती धावतच छपरीत आली. "सेनापतीची हाये ती! ओढू नका, जाळी फाटते."

मामांच्या चिमटीत मिशी लोंबत होती. समोर डोक्यावर मुकुट, गळ्यात मोजपट्टी आणि दातात सुई घेऊन एक मुलगी उभी होती.

"ही नवरी?" मामांनी विचारलं.

चंद्रकुमार घाईनं उठून उभा राहिला. डिंपलनं मामांच्या हातातून मिशी सोडवली आणि जाळी नीट पाहायला म्हणून रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसली. मधल्या खुर्चीत. लिंबाचा रस एका टोकाला लागला होता, बाकी मिशी धड होती. तिनं मान वर केली तर सगळं घर भोवती उभं. आईच्या हातात साखरेचा डबा, बापाच्या हातात काहीच नाही.

"मामाजी, मले माफ करा," चंद्रकुमार एकदम म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा तो विचारल्याशिवाय बोलत होता. "मले लगन नाई कराचं आता. मले खोली पाह्यजे होती. तुमाले गाडीत सांगतच होतो, तुम्ही आयकलंच नाई."

"मलेही खोलीच पाह्यजे," डिंपल म्हणाली.

"तुले?" गोदावरीबाई म्हणाल्या. "तू घरची होय ना वं."

"म्हनूनच कोनी पाहत नाई. आता बसलीच हाये खुर्चीत, त् मलेही पाहून घ्या. इचारा."

मनिष हसला. डिंपल हसली नाही. तिनं मुकुटही काढला नाही, खरं तर तो डोक्यावर आहे हे ती विसरली होती.

"पयले आमी आलो," मामा म्हणाले. लग्न हुकलं तर निदान खोली तरी हातची जाऊ नये, एवढं भान त्यांना आलं होतं. "आमचा नंबर पयला."

"बरोबर हाये," आत्या म्हणाली. दोन उमेदवार आले की तिला हुरूप येतो. तिनं चष्मा पुन्हा पुसला आणि भाचीकडे वळली. "दारू?"

"नाई."

"खर्रा?"

"नाई."

"पाहुने कोन कोन येतेत?"

"राजे येतेत. कधी फौज येते. पेटीत बसून येतात, पेटीत बसून जातात."

"जनावर?"

"एक घोडा हाये. कापडाचा. खात नाई."

आत्यानं केवळरामकडे पाहून भुवया उंचावल्या. कापडाचा घोडा मोनूच्या बकरीपेक्षा सगळ्या बाजूंनी बरा होता.

"जिना चढून दाखवाले सांगा," चंद्रकुमार म्हणाला. आपण चढलो तर सगळ्यांनी चढावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

डिंपल उठली आणि चढून गेली. केवळरामनं सवयीनं डोळे मिटले. मोनू चढायचा तेव्हा सहा पाय वाजायचे. हा चंद्रकुमार जपून चढला. पण आता काही ऐकूच आलं नाही. कोणती पायरी करकरते ते या पोरीला परकर घालायची तेव्हापासून ठाऊक होतं. त्यानं डोळे उघडले तोवर ती परत येऊन बसली होती.

"मामाजी," रूपा हळूच सासऱ्याला म्हणाली, "किराया वेळेवर देतीन त्या."

"किरायाचं नाई गा," केवळराम म्हणाला. गडबडला की तो सुनेलाही बाप्याला म्हणावं तसं गा म्हणतो. मग तो लेकीकडे वळला आणि आजवर कधी बोलला नव्हता ते पाहुण्यांसमोर बोलून गेला. "माडी तुले देली म्हंजे लोकं म्हनतीन, बापानं पोरगी ठेवून घेतली. पाहानं सोडलं. मले नाई सोडाचं, बाई."

गोदावरीबाईंनी साखरेचा डबा छातीशी धरला.

"नका सोडू ना," डिंपल म्हणाली. "मी कुठी म्हनते सोडा. पाहाले येनाऱ्यायले येऊ द्या. नाई म्हनले त् म्हनू द्या, बाबूजी, मले आता त्याचं काही वाटत नाई." इथं तिचा आवाज जरासा हलला. "पन मोनूले तुम्ही नुसतं तोंड पाहून माडी देली. यायले इचारलं. मले कधी नाई इचारलं, काय करते म्हनून. माझे कपडे घालून अख्खी झाडीपट्टी नाचते अन् तुम्हाले माझी पेटी म्हंजे फक्त पायात येनारी वस्तू हाये."

मुकुट एका कानावर घसरला. तो सावरताना तिच्या लक्षात आलं की आपण हा घालून बसलोय. ती तो काढायला गेली.

"राहू द्या," केवळराम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आपली खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली, धोतर नीट केलं, घसा साफ केला आणि परक्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

"धंदा काय करता तुमी?"

याचं उत्तर डिंपलनं कितीतरी वेळा मनात तयार केलं होतं.

"ड्रेपरी चालवतो जी," ती म्हणाली. चालवते म्हणायचं होतं, पण घरमालकासमोर बसलेले सगळे असेच बोलतात. "राजे बनवतो."

"चालते का धंदा?"

"जागा भेटली त् चालन जी."

केवळरामनं बहिणीकडे पाहिलं. आत्यानं चंद्रकुमारकडे पाहिलं, आणि म्हशीकडे, म्हणजे म्हैस बांधली होती त्या दिशेला पाहिलं.

"समोरच्या देवकाबाईची खोली रिकामी हाये," ती म्हणाली. "तिले मी सांगते. हा पोरगा तठी राहीन अन् सकाळी म्हैस पाहून जाईन. पन तिनं असाच नाई ठेवाचा त्याले. पुढच्या रविवारी मी येते पाहाले."

चंद्रकुमारनं डोळे मिटले. तिथंही जिना असेल का, एवढंच त्याच्या मनात आलं असावं. भैय्याजींनी नारळ उचलला, तो परत न्यायचा की ठेवायचा ते त्यांना कळेना, शेवटी देव्हाऱ्यासमोर ठेवून ते मोकळे झाले. पेढे मनिषनं उघडले.

केवळरामनं कमरेची किल्ली सोडली. डिंपलनं हात पुढं केला तर तो थांबला.

"अकरा महिन्याचा करार हाये," तो म्हणाला.

"हव जी. अन् माझीही एक अट हाये. वर येताना दार वाजवून याचं."

"मी? माझ्या घरात?"

"किरायेदाराच्या घरात."

मनिष काहीतरी बोलणार होता, त्याला रूपानं पेढा भरवला. केवळरामनं किल्ली लेकीच्या हातात ठेवली आणि वळून घसा खाकरला. उगाचच, कारण घशात काही नव्हतं.

गोदावरीबाई मघापासून साखरेचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि रूपानं कढईतले उरलेले पोहे गरम केले. खुर्चीत बसलेल्याला पोहे द्यायचे, ही या घरची रीत. गोदावरीबाई ताटली घेऊन बाहेर आल्या, वर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. पदर डोक्यावरून घेतला होता आणि मान थोडी खाली होती, डिंपल पोहे घेऊन यायची तेव्हा असायची तशीच. त्यांनी ताटली लेकीच्या हातात दिली.

डिंपल ताटलीकडे पाहत राहिली. हे पोहे तिनं आजवर कितीदा तरी नेले होते. खायला तिच्या वाट्याला यायचे ते पाहुणे गेल्यावरचे, गार झालेले.

रूपा तिच्या कानाशी वाकली. "खा, ताई. ह्यात मिशी नाई."

डिंपलनं घास घेतला. पोहे गरम होते, मीठ जरा जास्त होतं, आणि तिनं ताटली पुसून खाल्ली.